कळकलेला खडक

कल्हई उडालेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक किंवा चिंच घातलेली आमटी ठेवू नये, हे मराठी स्वयंपाकघराला शतकानुशतके ठाऊक आहे, कारण तसे केले तर पदार्थ कळकतो: त्यातील अम्ल हवेच्या साहाय्याने भांड्याचा थोडा धातू आपल्यात ओढून घेते, चव तुरट आणि कसकशी होते, भांड्याच्या कडेला हिरवट डाग उमटतो. या क्रियेत अम्लाइतकाच हवेतील ऑक्सिजनचाही वाटा असतो, कारण सौम्य अम्ल एकट्याने तांब्याला फारसे काही करू शकत नाही. घरात जे टाळायचे तेच खाणीवर मुद्दाम घडवून आणणे, म्हणजे आंबट पाणी खडकातून झिरपू देऊन त्यातील तांबे विरघळवून घेणे, याला धातुविज्ञानात निक्षालन म्हणतात, आणि हे आंबट पाणी तयार करण्याचे व टिकवण्याचे काम जिवाणू करीत असतील तर त्याला जैवनिक्षालन म्हणतात. शब्द विसाव्या शतकातला असला तरी क्रिया फार जुनी आहे. तिचा इतिहास सांगताना एक गोष्ट सतत लक्षात ठेवावी लागते, ती ही की माणसाने या जिवाणूंना कामाला लावले नाही. ते काम करीतच होते आणि माणसाच्या ते फार उशिरा ध्यानात आले.

हा इतिहास सांगायला आधी तांबे वापरणाऱ्या पण तांब्याची खाण नसलेल्या मुलखात, भिवंडी आणि कल्याण यांच्या मध्ये असलेल्या टेमघर या गावी जाऊ.  या गावाच्या पायाखालचा खडक दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्ह्याचा बेसॉल्ट आहे. बेसॉल्टात तांबे अजिबात नसते असे नाही, दहा लाख भागांत शंभर-दोनशे भाग एवढा अंश सापडतो, पण त्यातून खाण होत नाही. तरीही या परिसराचा तांब्याशी संबंध जुना आणि लेखी आहे. भिवंडी तालुक्यातील भादाणे हे गाव लोणादित्य या देवाला दान दिल्याची नोंद उत्तर कोकणचा शिलाहार राजा अपराजित याच्या शके ९१९ च्या, म्हणजे इसवी सन ९९७ च्या, ताम्रपटात आहे. ज्या जमिनीत तांब्याची खाण नाही त्या जमिनीची मालकी तांब्याच्या पत्र्यावर कोरून ठेवलेली आहे. त्याहून सुमारे साडेचारशे वर्षे आधी, सहाव्या शतकात, कॉस्मस नावाच्या अलेक्झांड्रियाच्या ग्रीक व्यापाऱ्याने आपल्या भूगोलविषयक ग्रंथात कल्याण बंदरातून बाहेर जाणाऱ्या मालात शिसवी लाकूड आणि कापड यांच्याबरोबर तांबे नोंदवले. त्याने वापरलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ तांबे, कांसे किंवा पितळ असा तिन्ही प्रकारे होऊ शकतो, त्यामुळे कल्याणहून कच्चा धातू जात होता की घडवलेली भांडी, हे एका शब्दावरून ठरवणे धाडसाचे आहे. याउलट पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या सागरी मार्गदर्शिकेत भडोच बंदरात तांबे, कथील आणि शिसे बाहेरून येत असल्याची नोंद आहे. पश्चिम किनारा कधी तांबे घेत होता, कधी देत होता. खाण मात्र किनाऱ्यावर कुठेच नव्हती.

किनाऱ्यावर नसलेली ही खाण घाटाच्या पलीकडे, बेसॉल्टची चादर जिथे संपते तिथे शोधावी लागते. महाराष्ट्रात नागपूर-भंडाऱ्याकडील पुलर-परसोडी आणि चंद्रपूर जिल्ह्यातील ठाणेवासना येथे तांब्याची खनिजे आढळली आहेत, पण त्यांचा प्रत्यक्ष उत्पादनाचा इतिहास उभा राहिलेला नाही. खरा साठा आहे तो गोंदियाच्या उत्तरेला, आता मध्य प्रदेशात असलेल्या पण भोसल्यांच्या नागपूर राज्याच्या आणि नंतर मध्य प्रांताच्या चौकटीत वाढलेल्या बालाघाट जिल्ह्यात, बैहरच्या पठारावर, मलांजखंड येथे. देशातील हा सर्वांत मोठा एकसंध ताम्रसाठा मानला जातो. इथला खडक अडीच अब्ज वर्षांच्या आसपासचा ग्रॅनाइट आहे आणि त्यातील गारेच्या शिरांमध्ये तांब्याचे खनिज साचलेले आहे.

बालाघाट जिल्ह्याने तांब्याच्या इतिहासाला आणखी एक गोष्ट दिली आहे. १८७० साली गुंगेरिया या गावी ४२४ तांब्याची हत्यारे आणि चांदीचे १०२ पातळ तुकडे एकाच जागी सापडले. तांब्याचे एकूण वजन ८२९ पौंड, म्हणजे सुमारे पावणेचार क्विंटल भरले. भारतात एकाच ठिकाणी सापडलेल्या प्राचीन ताम्रनिधींमध्ये हा सर्वांत मोठा गणला जातो आणि तो इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकातला मानला जातो. गुंगेरिया आणि मलांजखंड एकाच जिल्ह्यात आहेत, म्हणून गुंगेरियाची हत्यारे मलांजखंडच्या खनिजातून झाली असे म्हणण्याचा मोह होतो आणि अनेक लेखक त्याला बळीही पडतात, पण नकाशावरची जवळीक हा पुरावा नव्हे. महाराष्ट्रातही जोर्वे येथे १९५०-५१ च्या उत्खननात तांब्याच्या सहा चपट्या कुऱ्हाडी मिळाल्या, आणि १९७४ साली दायमाबादला साठ किलोहून अधिक वजनाचे रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा एकत्र सापडले. एवढा धातू गोदावरी-प्रवरेच्या खोऱ्यात आला तो सगळा बाहेरून. ताम्रपाषाणयुग हे नाव महाराष्ट्र अभिमानाने मिरवतो, पण त्या नावातला पाषाण इथला आहे आणि ताम्र परगावचे.

हा धातू खडकातून काढण्याची रीत मात्र सगळीकडे एकच होती: अग्नी. तांब्याचे बरेचसे खनिज सल्फाइडच्या रूपात, म्हणजे गंधकाशी बांधलेले, असते. त्यातील सर्वांत मुबलक चाल्कोपायराइट हे तांबे, लोह आणि गंधक यांचे पितळी पिवळ्या रंगाचे खनिज आहे. रसशास्त्रातील सुवर्णमाक्षिक ते हेच. त्यातून तांबे मिळवायचे तर आधी गंधक जाळून घालवावा लागतो आणि मग उरलेला भाग वितळवून लोहाचा कीट वेगळा करावा लागतो. जमिनीच्या पृष्ठभागाशी असलेले हिरवे मॅलाकाइट मात्र गंधकरहित असते आणि कोळशाच्या भट्टीत सहज तांबे देते. म्हणून प्राचीन खाणकाम पृष्ठभागाजवळच्या हिरव्या डागांपासून सुरू झाले. हे हिरवे डाग आले कुठून, हा प्रश्न प्राचीन खाणकामगाराला पडण्याचे कारण नव्हते. ते आले होते खालच्या पिवळ्या खनिजाच्या कळकण्यातून. पावसाचे पाणी आणि हवा यांच्या संगतीत वरचे सल्फाइड सावकाश विघटित होते, तांबे विरघळून खाली उतरते, काही हिरव्या-निळ्या क्षारांच्या रूपात वाटेत अडकते आणि काही भूजलाच्या पातळीशी पोहोचून तिथल्या सल्फाइडवर चाल्कोसाइट आणि कोव्हेलाइट या तांब्याने अधिक समृद्ध खनिजांच्या रूपात पुन्हा बसते. वर उरते ती गंजलेल्या लोहाची तांबूस टोपी. मलांजखंडच्या वरच्या थरातही असा समृद्ध पट्टा होता. म्हणजे माणसाला सापडलेल्या पहिल्या सुलभ खनिजाच्या घडणीत जिवाणूंचा हात होता, फक्त त्याचे नाव कुणाला माहीत नव्हते.

ओल्या मार्गाने तांबे मिळवण्याची गोष्ट अग्नीच्या गोष्टीला समांतर चालते आणि ती मोरचुदापाशी सुरू होते. मोरचूद म्हणजे तांब्याचे सल्फेट. मोराच्या मानेच्या रंगावरून त्याला संस्कृतात मयूरतुत्थ म्हणतात आणि आजही नाशिकच्या द्राक्षबागांत आणि कोकणातल्या पोफळीवर बोर्डो मिश्रण फवारताना चुन्याबरोबर हेच वापरतात. मोरचुदाच्या निळ्या द्रावणात लोखंडी खिळा ठेवला की काही वेळात त्यावर तांबूस थर चढतो आणि द्रावणाचा निळेपणा फिका होत हिरवट होतो. हा प्रयोग महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये धातूंची क्रियाशीलता शिकवताना करतात. लोखंड द्रावणात जाते आणि त्याच्या जागी तांबे बाहेर येते एवढेच त्यात घडते. पण ज्या काळी मूलद्रव्याची कल्पना नव्हती त्या काळी हे लोखंडाचे तांब्यात रूपांतर वाटे, आणि डोळ्यांना दिसते ते पाहता तसे वाटण्यात काही चूक नव्हती. अकराव्या शतकातला चिनी पंडित शन क्वो याने अशा एका कडू झऱ्याचे वर्णन केले आहे, ज्याचे पाणी आटवले की निळा क्षार मिळतो आणि आटवण्याची लोखंडी कढई कालांतराने तांब्याची होते. त्याच सोंग राजवटीत चीनने ही रीत सरकारी पातळीवर उचलली आणि निळ्या पाण्याच्या पाटात लोखंडाचे तुकडे टाकून तांबे मिळवले. भारतीय रसग्रंथांचे लक्ष दुसरीकडे होते. 'रसरत्नसमुच्चय'सारख्या ग्रंथात तुत्थातून तांब्याचे सत्त्व काढण्याची कृती आहे, पण ती मुशीत आणि अग्नीवर चालणारी आहे. हेतू औषधाचा होता, टनांचा नव्हे.

चीनसारखी ओली रीत युरोपातही दिसते. स्पेनच्या नैर्ऋत्येला वेल्व्हा प्रांतात वाहणाऱ्या रिओ टिंटो या नदीच्या नावाचा अर्थच रंगीत नदी असा आहे. तिचे पाणी लालभडक आणि सामू दोनच्या आसपास असलेले, म्हणजे लिंबाच्या रसाइतके आंबट आहे. रोमनांनी तिच्या काठी प्रचंड खाणी चालवल्या, नंतर त्या ओस पडल्या, आणि अठराव्या शतकाच्या मध्यास तिथे खाणीच्या पाण्यात लोखंड टाकून तांबे मिळवण्याची रीत पुन्हा रुजली. १८७३ साली लंडनच्या भांडवलदारांनी स्पेन सरकारकडून या खाणी विकत घेतल्या तेव्हा मात्र मुख्य रीत भट्टीची होती, आणि तीही उघड्यावरची: खनिजाचे मोठे ढीग रचून ते महिनोन्‌महिने धुमसत ठेवायचे, गंधक हवेत सोडायचा आणि उरलेले तांबे पाण्याने धुऊन घ्यायचे. गंधकाच्या धुराने आसपासची शेते करपली, माणसे खोकू लागली. ४ फेब्रुवारी १८८८ रोजी शेतकरी आणि खाणकामगार यांचा एकत्रित मोर्चा रिओ टिंटो गावात जमला असता सैन्याने गोळीबार केला. मृतांचा सरकारी आकडा तेरा होता. लोकस्मृतीतला आकडा त्याच्या कितीतरी पट आहे. स्पेनमध्ये ते वर्ष अजून गोळ्यांचे वर्ष म्हणून ओळखले जाते.

उघड्यावरची भाजणी हळूहळू मागे पडली आणि तिची जागा ज्या रीतीने घेतली तिच्यात धूर नव्हता. खनिजाचे ढीग तसेच रचायचे, पण पेटवायचे नाहीत. त्यांच्यात हवा खेळण्यासाठी वाटा ठेवायच्या, वरून पाणी सोडायचे आणि थांबायचे. काही महिन्यांनी ढिगातून आंबट, निळसर पाणी झिरपू लागे, ते लोखंडाच्या तुकड्यांनी भरलेल्या लांब पाटांतून वाहवले की तांब्याचा लालसर गाळ खाली बसे, आणि उरलेले लोहयुक्त पाणी पुन्हा ढिगावर चढवले जाई. एकेका ढिगाला पुरते तांबे द्यायला वर्षे लागत. लंडनच्या त्या खाणमालकांच्या तंत्रज्ञांना ही क्रिया नैसर्गिक म्हणून परिचित होती आणि तिचे रसायन त्यांनी नीट मांडलेही होते: लोहाच्या दोन अवस्था आहेत, फेरस ही कमी ऑक्सिडीकृत अवस्था आणि फेरिक ही अधिक, फेरिक लोह सल्फाइडवर हल्ला करून तांबे मोकळे करते आणि स्वतः फेरस होते, मग हवेच्या संपर्कात फेरस पुन्हा फेरिक होते आणि चक्र चालू राहते. या मांडणीत एक फट होती. आंबट पाण्यात फेरस लोह नुसत्या हवेने फारच सावकाश फेरिक होते, इतके सावकाश की ढिगांतून तांबे वर्षांत नव्हे तर पिढ्यांत मिळायला हवे होते. कोणीतरी घाई करीत होते.

हे कोणीतरी कोण, हे कळायला १९४७ साल उजाडले आणि तेही तांब्याच्या नव्हे तर कोळशाच्या खाणीत. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यात कोळशाच्या जुन्या खाणींतून वाहणारे अम्लयुक्त पाणी नद्या खराब करीत होते आणि त्याचा अभ्यास करताना कॉल्मर आणि हिंकल यांना आढळले की त्या पाण्यातील लोहाचे ऑक्सिडीकरण जिवाणूंमुळे होते. पाणी निर्जंतुक केले की ते थांबते. १९५१ साली या जिवाणूला थायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स हे नाव मिळाले. २००० साली त्याची गणना अ‍ॅसिडीथायोबॅसिलस या नव्या प्रजातीत झाली. हा जीव सूर्यप्रकाशावर किंवा सेंद्रिय अन्नावर जगत नाही. फेरस लोहापासून आणि गंधकापासून इलेक्ट्रॉन काढून ऑक्सिजनला देताना जी ऊर्जा सुटते तीवर तो जगतो आणि शरीरासाठी लागणारा कार्बन हवेतील कार्बन डायऑक्साइडमधून घेतो. लोहाच्या या व्यवहारातून ऊर्जा अगदी थोडी मिळते, त्यामुळे जिवंत राहण्यासाठी त्याला स्वतःच्या मानाने अफाट लोह पालटावे लागते, आणि ही त्याची गरिबीच खाणमालकाचा फायदा ठरली. १९७० साली सिंगर आणि स्टम यांनी हिशेब मांडला तेव्हा जिवाणूंमुळे या क्रियेचा वेग दहा लाख पटींच्या घरात वाढतो असे दिसले.

तांबे सूक्ष्मजीवांना मारते हे सर्वज्ञात आहे. देवघरातील तांब्याच्या तांब्यापासून जलाशयातील शेवाळ मारण्यासाठी टाकलेल्या मोरचुदापर्यंत सगळ्या रिवाजाचा आधार हाच आहे. खाणीतले हे जिवाणू मात्र लिटरमागे दहा-वीस ग्रॅम तांबे विरघळलेल्या, शिवाय सामू दोनच्या आसपास असलेल्या पाण्यात सुखाने वाढतात. तांब्याच्या हंड्यातील पाणी शुद्ध राहते ही श्रद्धा खरी आहे, पण ती सगळ्या जिवाणूंबद्दल खरी नाही.

१९५४ साली अमेरिकेतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठातील संशोधकांनी यूटा राज्यातील बिंगहॅम या तांब्याच्या खाणीवरील पाण्यातून असे जिवाणू वेगळे करून ते तांब्याची सल्फाइडे विरघळवतात हे दाखवले आणि ती खाण चालवणाऱ्या केनेकॉट कंपनीने १९५८ साली त्यावर एकस्व घेतले. आजवर जे चिखलात आणि ढिगाऱ्यात फुकट चालत होते ते आता कागदावर कुणाचे तरी झाले. १९६८ साली अ‍ॅरिझोनातील ब्लूबर्ड खाणीत लोखंडाचे तुकडे वापरण्याऐवजी विरघळलेले तांबे खास सेंद्रिय द्रवात ओढून घेऊन मग विजेच्या प्रवाहाने शुद्ध पत्र्यांच्या रूपात जमवण्याची रीत व्यापारी पातळीवर आली, आणि तिच्यामुळे ढिगाऱ्यातून निघणारे तांबे भट्टीतल्या तांब्याच्या तोडीचे झाले. जिवाणूंच्या शोधाइतकेच श्रेय या रासायनिक शोधाला दिले पाहिजे, कारण त्यावाचून जैवनिक्षालन हा गाळ काढण्याचा जोडधंदाच राहिला असता. चिलीतील लो अगिर्रे येथे १९८० साली सल्फाइडच्या ढिगांवर जाणूनबुजून जिवाणू वाढवून चालवलेली खाण सुरू झाली आणि १९९४ मध्ये अँडीज पर्वतात चार हजार मीटरहून उंच असलेल्या केब्राडा ब्लँका येथेही तीच रीत यशस्वी ठरली, जिथे हवा विरळ आणि थंडी कडाक्याची असूनही जिवाणूंनी हार मानली नाही.

हे सगळे वाचून भारतीय वाचकाला, विशेषतः मलांजखंडच्या शेजाऱ्याला, साहजिकच वाटते की आपल्याकडे ते का झाले नाही. हिंदुस्तान कॉपर या १९६७ साली स्थापन झालेल्या सरकारी कंपनीची मलांजखंड येथील खुली खाण १९८२ साली कार्यान्वित झाली. खनिजात तांबे साधारण एक टक्क्याच्या आसपास, म्हणून ते आधी दळायचे, मग फेसाच्या साहाय्याने खनिजकण वर तरंगवून वेगळे करायचे, याला प्लवन म्हणतात, आणि असे समृद्ध केलेले खनिज राजस्थानातील खेत्रीच्या भट्टीकडे पाठवायचे, अशी साखळी होती. या साखळीत न बसणारा, अर्ध्या टक्क्याहूनही कमी तांब्याचा खडक बाजूला रचला गेला आणि खुल्या खाणीत असा खडक फार निघतो, कारण चांगल्या खनिजापर्यंत पोहोचण्यासाठी आधी तोच उपसावा लागतो. दळण्याचा आणि वाहतुकीचा खर्च त्यातल्या तांब्यापेक्षा जास्त असल्याने तो टाकाऊ. पण दळावाच लागणार नाही आणि हलवावाही लागणार नाही अशी रीत असेल तर तो खडक अचानक साठा ठरतो. जैवनिक्षालन नेमके हेच वचन देते.

या वचनाची परीक्षा भारतातल्या अनेक प्रयोगशाळांनी घेतली. मालवणात १८८४ साली जन्मलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या पुढाकाराने १९४६ साली पुण्यात स्थापन झालेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीच्या संशोधन संस्थेत, जी १९९२ पासून आघारकर संशोधन संस्था या नावाने ओळखली जाते, खाणींतील सूक्ष्मजीवांचा आणि त्यांच्या साहाय्याने धातू विरघळवण्याचा अभ्यास विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत चालला. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत, जमशेदपूरच्या राष्ट्रीय धातुकर्म प्रयोगशाळेत आणि भुवनेश्वरच्या खनिज संशोधन संस्थेतही तो चालला. शेवटच्या दोघींनी मलांजखंडच्या हलक्या खनिजावर काचेच्या नळ्यांपासून प्रायोगिक ढिगांपर्यंत काम केले. ढिगावर वरून ठिबकणारे पाणी, तळाशी अभेद्य अस्तर, खाली साचणारे हिरवट द्रावण, दर काही दिवसांनी सामू मोजून अम्लाची मात्रा ठरवणे असे हे काम असते आणि त्याला धीर लागतो.

अडचण जिवाणूंची नव्हती, खनिजाची होती, आणि या विषयावरच्या लोकप्रिय लेखनात ही गोष्ट जवळजवळ नेहमीच निसटते. चिलीच्या यशस्वी खाणींतील तांबे बहुतांशी चाल्कोसाइटच्या, म्हणजे निसर्गाने एकदा कळकवून पुन्हा बसवलेल्या खनिजाच्या रूपात होते, आणि फेरिक लोह त्याला सहज फोडते. मलांजखंडचा मुख्य साठा चाल्कोपायराइटचा आहे. ते विरघळू लागले की त्याच्या पृष्ठभागावर गंधकाने समृद्ध असा थर साचतो आणि लोहाचे जारोसाइट नावाचे पिवळट क्षार वर बसतात, त्यामुळे आतला भाग जणू स्वतःलाच कल्हई लावून घेतो. साध्या, तीस अंशांच्या आसपासच्या तापमानात काम करणारे जिवाणू इथे थकतात. साठ-सत्तर अंशांत आणि त्याहून वर जगणारे, गरम झऱ्यांत सापडणारे सूक्ष्मजीव हा थर अधिक चांगला फोडतात, पण उघड्या ढिगात तेवढी उष्णता टिकवणे हा स्वतंत्र प्रश्न आहे. पृष्ठभागावरचा समृद्ध पट्टा जैवनिक्षालनाला सोपा होता, पण तो वर असल्यामुळे आणि प्लवनालाही तितकाच चांगला असल्यामुळे साहजिकच आधी खणला गेला. ज्या खनिजाला जिवाणूंची गरज कमी होती त्यावर ते सहज चालले असते आणि ज्याला गरज होती ते त्यांना दाद देत नाही, असा हा पेच आहे.

बाजाराचाही यात वाटा आहे. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत पेशवाईपासून हातोड्याने मठारकाम करणाऱ्या त्वष्टा कासारांना एकोणिसाव्या शतकात लागणारे तांब्याचे पत्रे मुंबई बंदरातून विलायतेहून येत, आणि विलायतेच्या भट्ट्यांत वितळणारे खनिज कॉर्नवॉल, चिली आणि स्पेन अशा ठिकाणांहून जाई. रिओ टिंटोच्या ढिगांतून झिरपलेले तांबे एखाद्या पुणेरी घंगाळात मिसळले असेल की नाही हे पुराव्यानिशी सांगणे शक्य नाही, पण ते अशक्य मानण्याचेही कारण नाही. पश्चिम किनाऱ्याने पहिल्या शतकात भडोचमार्गे, एकोणिसाव्या शतकात मुंबईमार्गे तांबे बाहेरून घेतले, आणि देशातल्या मोठ्या भट्ट्या आजही परदेशी समृद्ध खनिजावर चालतात. बाहेरून आलेले तांबे सुलभ असते तोवर बैहरच्या पठारावरचा खडक वर्षानुवर्षे भिजवत बसण्याची घाई कुणाला होत नाही.

घाई नसली तरी क्रिया मात्र थांबत नाही. खाणीवरच्या ढिगाऱ्यांत चाल्कोपायराइटबरोबर लोहाचे पायराइटही असते आणि पावसाळ्यात त्यातून पाणी झिरपले की तेच जिवाणू, ज्यांना प्रयोगशाळेने बोलावले नव्हते, लोह आणि गंधक पालटून सल्फ्युरिक अम्ल तयार करतात. त्यात तांबे, लोह आणि इतर धातू विरघळून वाहू लागतात. खाणकामाच्या भाषेत याला अम्लयुक्त खाणजल म्हणतात आणि ते ओढ्यात जाऊ न देता चुना टाकून त्याचा सामू वर आणणे, धातूंचा गाळ खाली बसवणे आणि मगच पाणी सोडणे हा ढीग असेल तोवरचा खर्च असतो. निक्षालन आणि प्रदूषण यांत रासायनिक फरक काहीच नाही. ढिगाखाली अस्तर घातले आणि पाणी पाटात घेतले की पहिले, नाही घेतले की दुसरे. मलांजखंडची खुली खाण आता खोल गेली असून काम जमिनीखाली उतरत आहे, आणि भूमिगत खाणीतून हलका खडक फारसा वर येत नाही. वर रचून ठेवलेले ढीग आहेत तेवढेच राहणार. दरवर्षी जूनअखेरीस पठारावर पाऊस सुरू झाला की त्यांच्या पायथ्याशी पाणी साचते, आणि उतारावरच्या गारेच्या दगडांवर, हवा आणि ओल दोन्ही पोहोचतात तिथे, हिरवा डाग थोडा आणखी पसरतो.